खडकालाही वाली हवा : निघोजच्या कुंडाविषयी काही मुद्दे

कुकडी नदी पुणे आणि अहिल्यानगर या दोन जिल्ह्यांच्या हद्दीवर काळ्या पाषाणात खोल घळ पाडून वाहते, ती जागा म्हणजे निघोजचं कुंड. एका तीरावर पारनेर तालुक्यातलं निघोज, दुसऱ्या तीरावर शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी. इथले रांजणखळगे पाहायला पुण्या-नगरहून वर्षभर माणसं येतात, शाळांच्या सहली येतात, आणि चैत्रात मळगंगा देवीच्या यात्रेला सगळी पंचक्रोशी लोटते. देवळाची व्यवस्था पाहणारे आहेत, पाण्याचा हिशेब ठेवणारं खातं आहे, रस्त्याला खातं आहे. ज्या खडकासाठी माणूस वाट वाकडी करून येतो, त्याचं नाव मात्र कुठल्याच खात्याच्या कामात ठळकपणे येत नाही. दोन्ही जिल्ह्यांनी मिळून कुंडाला संरक्षित निसर्गस्थळ करावं आणि तिथे बारमाही माणसं नेमावीत, अशी माझी मागणी आहे. ती का आणि कशी, ते मांडतो.

१. आधी, तिथे आहे काय

पावसाळा सरून पाणी उतरलं की एखाद्या खळग्यात जरा अंतर राखून डोकवावं. तोंड लहान, पोट मोठं. आतली भिंत घासून घासून गुळगुळीत झालेली, आणि तिच्यावर तिरपे वळसे उमटलेले. तळाशी हिरवट पाणी, त्या पाण्यात पाच-सात गोल गोटे. खळगा कोरणारं हत्यार म्हणजे हेच गोटे. सह्याद्रीवरून उतरलेला पुराचा लोंढा या उंचसखल पाषाणावर आला की त्यात भोवरे पडतात. खडकात कुठे भेग असते, कुठे मऊ थर असतो. तिथे अडकलेला दगड भोवऱ्याबरोबर फिरू लागतो आणि जात्यासारखा खालचा खडक दळत राहतो. दळता दळता तोही झिजतो. तो संपला की पुढच्या पुराबरोबर दुसरा येतो. शेजारच्या दोन खळग्यांमधली भिंत दोन्हीकडून पातळ होत जाते, मग तिला आरपार भोक पडतं, मग दोघांचा एक होतो. असे खळगे एकमेकांना मिळत मिळत नदीचं पात्र खोल गेलं आहे. दख्खनच्या या लाव्ह्याचं वय साडेसहा कोटी वर्षांच्या घरातलं. खळगे त्याहून कितीतरी अलीकडचे, तरी एका माणसाच्या आयुष्यात वाढ दिसू नये इतके सावकाश वाढणारे.

एवढं समजलं की पुढची गोष्ट सांगावी लागत नाही. देवळाचा कळस ढासळला तर कारागीर तो पुन्हा घडवतो. दोन खळग्यांमधली पातळ भिंत कुणी पहारीने फोडली, तर ती नदीलाही परत घडवता येणार नाही. नदीला फक्त झिजवता येतं.

२. अशीच जागा, अशीच हद्द, आणि १८९५ सालचा निर्णय

अमेरिकेत मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या राज्यांच्या सीमेवरून सेंट क्रॉय नदी वाहते. टेलर्स फॉल्स या गावापाशी तिचे दोन्ही काठ बेसॉल्टचे आहेत, म्हणजे आपल्यासारख्याच लाव्ह्याच्या काळ्या दगडाचे. फक्त तो लाव्हा सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीचा. शेवटचं हिमयुग ओसरताना वितळलेल्या बर्फाचं प्रचंड पाणी या दरीतून गेलं आणि त्याने त्या बेसॉल्टमध्ये रांजणखळगे कोरले. त्यांतला सर्वांत खोल ६० फुटांचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्या कड्यांचा दगड खाणकामात जाण्याची वेळ आली होती. सेंट पॉल शहरातल्या जॉर्ज हॅझर्ड यांनी ही जागा वाचवण्याचा विषय लावून धरला. १८९५ मध्ये मिनेसोटाने आपल्या काठाला स्टेट पार्क केलं. १९०० मध्ये विस्कॉन्सिनने समोरच्या काठाला केलं, आणि ते त्या राज्याचं पहिलंच स्टेट पार्क ठरलं. दोन्ही काठांच्या पार्कचं नाव एकच आहे : इंटरस्टेट. मिनेसोटा राज्य होऊन तेव्हा चाळीस वर्षंही झाली नव्हती. श्रीमंती आली, मग खडकांकडे लक्ष गेलं, असा तो क्रम नव्हता. महाराष्ट्राला राज्य होऊन साठहून अधिक वर्षं झाली आहेत.

मिनियापोलिस-सेंट पॉलकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही जागा गाडीने तासाभराची. तिथे गेल्यावर माणसाला काय मिळतं ते पाहा. गाडीचा परवाना घ्यायचा. गाडीतळापासून खळगे जवळच. ठरलेली पायवाट, खोल खळग्यांच्या कडेला लोखंडी कठडे, आणि हे कसं घडलं ते साध्या भाषेत सांगणारे फलक. एका खळग्यात तर बाजूने आत शिरून, तळावर उभं राहून वर पाहता येतं. झगमगाट कुठेही नाही. उणीवही सांगतो : नाव एक असलं तरी दोन राज्यांचे परवाने वेगळे आहेत, इकडचा तिकडे चालत नाही. आपण करताना ही गोष्ट त्यांच्याहून बरी करू शकतो.

३. त्यांचे खळगे थांबले आहेत, आपले घडत आहेत

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा हा आहे, आणि तो कुणाच्या गावीही नसतो. सेंट क्रॉयच्या काठचे मोठे खळगे आज नदीच्या पातळीपासून वर, कोरडे आहेत. ज्या पाण्याने ते कोरले ते सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच ओसरलं. त्यांना फक्त माणसांपासून जपायचं आहे. कुकडीचे खळगे नदीच्या चालत्या पात्रात आहेत. तिथे पूर येतो, गोटे फिरतात, खडक दळला जातो. म्हणून कठडा लावून काम संपत नाही. जे पाणी आणि जे गोटे हे काम करतात, त्यांचाही विचार करावा लागतो.

कुकडी उगम पावते जुन्नर तालुक्यात, नाणेघाटाजवळच्या कुकडेश्वराच्या परिसरात. निघोजला पोचेपर्यंत तिच्यावर माणिकडोह आणि येडगाव ही धरणं लागतात, पुढे ठिकठिकाणी बंधारे आहेत. या पाण्यावर पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंतची शेती उभी आहे आणि ती उभी राहिलीच पाहिजे. शेतकऱ्याच्या तोंडचं पाणी खळग्यांसाठी पळवा, असं कुणी म्हणणार नाही आणि मीही म्हणत नाही. पण दोन गोष्टी शेतीला धक्का न लावता होऊ शकतात. पहिली, कुंडाच्या वरच्या आणि खालच्या अंगाला ठरावीक अंतरापर्यंत वाळूउपसा आणि दगडखाण पूर्ण बंद. वाळू आणि गोटे गेले की पाणी नुसतं वाहतं, कोरत नाही. शिवाय पात्राचा उतार बदलला की भोवऱ्यांच्या जागाही बदलतात. दुसरी, कुंडाच्या आसपास नवा बंधारा किंवा पूल बांधायचा असेल तर आराखडा मंजूर होण्याआधी भूशास्त्रज्ञाचं लेखी मत घेणं बंधनकारक. पुण्यात आणि नगरला महाविद्यालयं आहेत, भूशास्त्र शिकवणारे प्राध्यापक आहेत. त्यांना बोलवायला फार मोठा खर्च येत नाही.

आज खळगे कसे आहेत याची नोंदसुद्धा याच कामाचा भाग. प्रत्येक मोठ्या खळग्याला क्रमांक द्यावा, त्याचं तोंड आणि खोली मोजावी, छायाचित्र काढावं, आणि दर काही वर्षांनी तेच पुन्हा करावं. पन्नास वर्षांनी कुणाला नदीचा वेग कळून घ्यायचा असेल, तर आज केलेली मापं हाताशी असली पाहिजेत.

४. हद्दीचा प्रश्न

नदी दोन जिल्ह्यांमध्ये आहे म्हणजे दोन जिल्हाधिकारी, दोन तहसीलदार, दोन पोलीस ठाणी, दोन ग्रामपंचायती. पात्राचा मधला खडक नेमका कुणाकडे, हा वाद दुर्घटनेच्या दिवशी घालायचा नसतो. टोलवाटोलवीला इथे भरपूर वाव आहे. तो काढून टाकण्याचा मार्ग अवघड नाही : दोन्ही जिल्हा प्रशासनांनी एकच समिती नेमायची, दोन्ही गावांचे सरपंच आणि देवस्थानचे प्रतिनिधी त्यात घ्यायचे, आणि कुंडापुरता सगळा कारभार त्या समितीकडे सोपवायचा. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन ही दोन वेगळी राज्यं आहेत, त्यांचे कायदे वेगळे, विधिमंडळं वेगळी. तरी दोन्ही काठांना एकाच नावाचं पार्क करणं त्यांना जमलं. आपले दोन्ही जिल्हे एकाच राज्याचे आहेत, आणि मंत्रालयातून निघालेला एक शासननिर्णय दोन्ही काठांना लागू होतो.

५. कायद्याच्या चौकटीत खडक बसत नाही

आपल्याकडे प्राचीन स्मारकांसाठी १९६० चा राज्याचा कायदा आहे. तो लेणी, गड, देवळं, शिल्पं, म्हणजे जिथे माणसाचा हात लागला आहे त्यांच्यासाठी. वन्यजीवांसाठी १९७२ चा कायदा, जैवविविधतेसाठी २००२ चा. या तिन्हींच्या मधल्या फटीत निसर्गाने घडवलेला नुसता खडक पडतो. त्यात शिलालेख नाही, त्याच्यावर दुर्मीळ झाड नाही, म्हणून तो कुणाचाच नाही.

लोणार सरोवराचं उदाहरण घ्या. ते वाचवण्यासाठी जे कायदे कामी आले ते बरेचसे त्याच्या काठावरच्या देवळांमुळे आणि वन्यजीव अभयारण्यामुळे. २०२० मध्ये पाणथळ जागा म्हणून त्याला रामसर दर्जाही मिळाला. उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये झालेलं विवर म्हणून त्याची जी खरी थोरवी, तिच्यासाठी वेगळा मजबूत कायदा नव्हता. दुसरं उदाहरण अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचं. बेसॉल्टच्या उभ्या खांबांचा हा सुमारे २०० फुटी सुळका खाणकामात चहूबाजूंनी कापत आणला गेला. महापालिकेच्या वारसा यादीत तो २००७ मध्ये आला, तेव्हा त्याच्या पायथ्यापर्यंत वस्ती भिडली होती. यादीत नाव येणं गरजेचं असतं, पण ते वेळेवर आलं तरच त्याचा उपयोग.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळांच्या जतनासाठी एका विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी लोकांपुढे ठेवला होता. पण दिल्लीकडे डोळे लावून बसायचं कारण नाही. राज्याला स्वतःचा कायदा करता येतो. मला त्यात एवढंच हवं आहे : निसर्गघटित शिळास्थळ अशी एक वर्गवारी, तिच्यासाठी जबाबदार अधिकारी, आणि खडकाला इजा करणं हा स्पष्ट लिहिलेला गुन्हा. २०१३ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातल्या गॉब्लिन व्हॅली स्टेट पार्कमध्ये, मुलांना घेऊन आलेल्या काही मोठ्या माणसांनी वाळूखडकाचा एक शिळास्तंभ ढकलून पाडला आणि त्याचं चित्रीकरणही केलं. त्यांच्यावर खटला झाला, दोघांनी गुन्हा कबूल केला. कारण त्या दगडाला मालक होता. कुंडावर उद्या कुणी ऑइलपेंटने आपलं नाव रंगवलं, तर फिर्याद कोणत्या खात्याने द्यायची इथपासूनच आपली अडचण सुरू होते.

६. जिवाचं मोल

कुंडात माणसं बुडाली आहेत. त्यांत तरुण पोरं आहेत. बातमी येते, दोन दिवस हळहळ होते, एखादी सूचना लागते, आणि पुढच्या सुट्टीला पुन्हा कुणीतरी ओल्या कडेवर पाठमोरं उभं राहून फोटो काढत असतं.

रांजणखळगा धोक्याचा का, हे फलकावर स्पष्ट लिहिलं पाहिजे. नुसतं 'सावधान' लिहून कुणी सावध होत नाही. लिहावं की आत पडलेल्याला धरायला काही नसतं, कारण भिंत गुळगुळीत आहे आणि पोट तोंडापेक्षा रुंद आहे, म्हणजे वर चढताना भिंत डोक्यावर येते. लिहावं की पाणी वरून संथ दिसतं तेव्हाही खालून खळगे एकमेकांना जोडलेले असू शकतात आणि ओढ असते. लिहावं की शेवाळलेल्या दगडावर चप्पल, बूट काहीही टिकत नाही. पोहता येतं म्हणून इथे माणूस वाचेल असं नाही. ही वाक्यं मराठीत, मोठ्या अक्षरांत, गाडीतळावर आणि पायवाटेच्या तोंडाशी असावीत.

धरणातून आवर्तन सुटतं तेव्हा खाली पाणी वाढतं. शेतकऱ्यांना त्याच्या तारखा कळतात. नगरहून सहलीला आलेल्या शिक्षकाला त्या कुठून कळणार? म्हणून पाणी सुटण्याआधी कुंडावरच्या माणसाला निरोप, तिथे भोंगा, आणि पात्रात उतरायची वाट बंद. पुराच्या दिवसांत खालची वाट बंदच राहील असा नियम करावा. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेन स्टेट पार्कमध्येही घळ आहे, धबधबे आहेत, पाण्याने कोरलेले खळगे आहेत. तिथली घळीतली वाट हिवाळाभर बंद असते आणि लोक ते मान्य करून वसंतात येतात. कुंडावरही पावसाळ्यात दोन्ही तीरांमधल्या झुलत्या पुलावरून आणि वरच्या कठड्यामागून नदी पाहावी. तेव्हाच तर ती काम करताना दिसते.

आणि काठावर माणूस हवा. दोन्ही गावांत पट्टीचे पोहणारे आहेत. त्यांना जीवरक्षकाचं प्रशिक्षण, दोर, रिंग, जॅकेट आणि महिन्याचा पगार द्यावा. दुर्घटना झाल्यावर याच पोरांना हाक मारली जाते. ती आधीच तिथे कामावर असली तर निम्मं काम नुसत्या शिट्टीवर भागेल.

७. सिमेंट नको

पर्यटनविकासाचा निधी आला की तो स्वागतकमान, पेव्हर ब्लॉक, रंगीत दिवे आणि सेल्फी पॉइंटवर जातो, हे आपण ठिकठिकाणी पाहिलं आहे. कुंडावर खडकाला भोक पाडून बसवलेली प्रत्येक वस्तू ही इजा आहे, ती कमीत कमी असावी. एक पायवाट, जिथे खरोखर गरज आहे तिथे कठडा, फलक, आणि नदीपासून लांब स्वच्छतागृह. या शेवटच्या गोष्टीवर पैसे आखडू नयेत. स्वच्छतागृह नसल्यामुळे बायकांची, मुलींची किती कुचंबणा होते हे सहलीला गेलेली कुठलीही शिक्षिका सांगेल.

८. देवीचं ठिकाण

देवी आणि खडक यांत भांडण लावण्याचं काही कारण नाही. कुंडाच्या दोन्ही तीरांवर मळगंगेचं ठाणं आहे, आणि ही जागा आजवर जेवढी राखली गेली ती भक्तांच्या श्रद्धेने. सह्याद्रीत देवराया कशा टिकल्या? देवाची काडी मोडायची नाही, हा नियम गावाने पाळला म्हणून. त्या नियमाला सरकारी पहारा लागला नाही. हीच रीत इथे खडकाला लावता येईल : देवीच्या कुंडात काही टाकायचं नाही, तिथल्या दगडावर काही कोरायचं-रंगवायचं नाही. देवस्थानाने यात्रेआधी हे जाहीर केलं, तर पोलिसांच्या दहा सूचनांपेक्षा ते लवकर पटेल. निर्माल्य, नारळाच्या शेंड्या, ओटीचं कापड यांसाठी काठावर वेगळी सोय करावी. आज त्यातलं बरंचसं खळग्यांच्या तळाला, गोट्यांच्या शेजारी जाऊन बसतं, पाण्याच्या बाटल्यांबरोबर.

९. पैसा

गाडीमागे शुल्क घ्यावं, माणसामागे नको. पायी येणारा, एसटीने येणारा, दर्शनाला येणारा यांना काही लागू नये, आणि यात्रेच्या दिवसांत कुणालाच लागू नये. एका काठाची पावती दुसऱ्या काठावर चालावी. जमा रक्कम दोन्ही गावांच्या संयुक्त खात्यात राहावी आणि जीवरक्षक, सफाई, देखभाल यांच्यावरच खर्च व्हावी. वडापाव, भेळ, रसवंतीची दुकानं स्थानिकांचीच असावीत, फक्त खडकावर नसावीत. दोन्ही गावांतल्या शिकलेल्या मुलामुलींना खळग्यांची माहिती देण्याचं प्रशिक्षण मिळालं, तर सहलीच्या हंगामात त्यांना मिळकत होईल आणि पाचवीतल्या पोराला गोटा कसा फिरतो हे समोर दाखवणारं कुणीतरी भेटेल.

१०. सुरुवात कुठून

ग्रामसभेपासून. पारनेर हा राळेगणसिद्धीचा तालुका आहे. ग्रामसभेने मनावर घेतलं तर काय होतं हे इथे कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको. निघोज आणि टाकळी हाजी या दोन्ही ग्रामसभांनी एकाच मजकुराचा ठराव करावा. त्यात चार मागण्या असाव्यात : संयुक्त समिती, कुंडाच्या दोन्ही अंगांना वाळू आणि दगड उपशाला बंदी, वर्षभर पगारी जीवरक्षक, आणि राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून विचार व्हावा यासाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे दोन्ही जिल्ह्यांचा एकत्र प्रस्ताव. खाली दोन्ही सरपंचांच्या सह्या एकाच कागदावर असाव्यात, आणि त्याची एकेक प्रत पुण्याच्या व नगरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि कुकडीचं पाणी सोडणाऱ्या जलसंपदा कार्यालयात एकाच दिवशी पोचावी.